पाणी दारात, चोर इनबॉक्समध्ये : गावात नवीन राहायला आलेल्यांसाठी

नदीकाठच्या गावात नवीन घर केलं की जुनी माणसं सगळं सांगतात, कुणाचं कुणाशी पटत नाही इथपासून सगळं, पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात कारण त्या त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. एक, पाणी कुठनं येतं. दोन, पाणी येऊन गेलं की मागोमाग मोबाईलवर कसले कसले मेल येतात. दुसरी गोष्ट ऐकून लोक हसतात, की पुराचा आणि मेलचा काय संबंध. संबंध असा आहे की पुराच्या आठवड्यात माणूस दमलेला असतो, झोप झालेली नसते, कागदपत्रं सापडत नसतात, आणि "नुकसानभरपाईसाठी इथे क्लिक करा" असं दिसलं की हात आपोआप पुढे जातो. चोराला हे पक्कं माहितीये. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळ आलं, त्यानंतर खोट्या मदतनिधीच्या वेबसाईट आणि मेल इतके सुटले की तिथल्या न्याय खात्याला फक्त त्या फसवणुकीसाठी वेगळं पथक उभं करावं लागलं.

म्हणून दोन्ही एकाच लेखात लिहितोय. आणि सगळ्या पायऱ्यांत एकच सूत्र आहे, जे काय ठरवायचंय ते कोरड्यात बसून ठरवायचं, पाण्यात उभं राहून नाही.

पायरी १ : पाण्याची वाट बघून ठेवा

पाऊस नसलेल्या दिवशी एखाद्या जुन्या माणसाला घेऊन गावातनं एक फेरी मारा. तीनच प्रश्न विचारायचे. सगळ्यात मोठ्या पुराला पाणी कुठपर्यंत आलं होतं, कुठला रस्ता सगळ्यात आधी बंद होतो, आणि वरच्या अंगाला पाणी वाढल्यापासून आपल्याकडे यायला किती तास लागतात. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा एखाद्या भिंतीवर सापडतं, देवळाच्या किंवा शाळेच्या, रेघ मारून ठेवलेली असते. ती रेघ आपल्या घराच्या उंबऱ्याच्या वर आहे की खाली एवढं समजलं तरी अर्धं काम झालं. लेव्हल कळत नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं बघा, गवंडी करतात तसं.

तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कडक ऊन पडलेलं असतं, आणि वर कुठंतरी धो धो पाऊस झालेला असतो किंवा धरणातनं पाणी सोडलेलं असतं, आणि ते पाणी काही तासांनी येतं. आभाळ बघून अंदाज करणाऱ्यांची फसगत इथंच होते.

पाणी नदीतूनच येतं असंही नाही. ओढा उलटा भरतो कारण नदी फुगली की त्याला बाहेर पडायला जागा मिळत नाही, गटाराचं पाणी बाथरूमच्या जाळीतनं वर येतं, उताराच्या शेतातलं पाणी मागच्या दारानं घुसतं. एक हिशेब करून बघा, एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी झालं, आणि ते सगळं जमीन पिऊ शकत नसेल तर कुठंतरी जाणारच.

अजून एक. "हा शंभर वर्षांत एकदा येणारा पूर होता, आता आपल्या हयातीत नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. शंभर वर्षांचा पूर याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, गेल्या वर्षी आला म्हणून यंदा सुट्टी असं नसतं. ३० वर्षं त्याच घरात राहिलात तर तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. चारातला एक. म्हणजे कमी नाही.

पायरी २ : एक पिशवी

ही पिशवी अशी पाहिजे की अंधारात हात घातला तरी सापडली पाहिजे आणि एका हातात उचलता आली पाहिजे. आत काय, तर रोजची औषधं आठवडाभराची, चष्मा, टॉर्च, सेलवर चालणारा छोटा रेडिओ, चार्ज केलेली पॉवर बँक आणि वायर, थोडी रोख (लाईट गेली की मशीन बंद, नेटवर्क गेलं की ऑनलाईन पेमेंट बंद), पिण्याचं पाणी, शिट्टी, बाळ असेल तर त्याचं सामान. कागदपत्रं झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत, आणि ती पिशवी अजून एका पिशवीत, एकीवर विश्वास नको.

बहुतेक याद्या इथं संपतात. मी त्यात अजून एक कागद घालतो, आणि तो का घालतो ते सांगतो. सामान माळ्यावर चढवताना माझा फोन खिशातून गुडघाभर पाण्यात पडला आणि गेला. नवीन फोन मिळाला, पण मेल उघडायला गेलो तर म्हणतो जुन्या नंबरवर कोड पाठवलाय. सिम त्या मेलेल्या फोनमध्ये गंजत पडलेलं. विम्याची पॉलिसी मेलमध्ये, घराचे फोटो मेलमध्ये, बँकेचा पासवर्ड विसरला तर नवा करायची लिंकपण मेलमध्येच येणार. चार दिवस सगळं अडकून बसलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते काय असतं ते तेव्हा कळलं.

तर तो कागद असा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागणं) चालू केलं की सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, फोन हाताशी नसताना वापरायचे, गूगल एका वेळी १० कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहा, सोबत जवळच्या पाचसहा माणसांचे नंबर लिहा (हल्ली पाठ कुणाचे असतात?), बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर लिहा, विमा पॉलिसीचा नंबर लिहा. पेन बॉलपेन, शाईचं नको. आणि कागद प्लास्टिकमध्ये. पूर आणि मेल या दोन्ही संकटांत हाच कागद उपयोगी पडतो हे पुढं कळेलच.

पायरी ३ : घर तयार करणं

मेन स्विच कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहिती पाहिजे, पोरांनासुद्धा. पाणी घरात शिरायच्या आधी तो बंद करायचा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही, मग तो बंद राहिला काय आणि चालू राहिला काय, बाहेर निघायचं आणि वीजवाल्यांना कळवायचं. सोलर पॅनेल बसवलेलं असेल तर लक्षात घ्या की गावची लाईट गेली तरी उजेड आहे तोवर पॅनेलपासून खाली येणाऱ्या वायरीत करंट असतो, त्या वायरींना भिजलेल्या हातानं हात नको. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर आजच उंचावर घ्या.

गॅसचा सिलिंडर पाण्यावर तरंगतो हे बघेपर्यंत खरं वाटत नाही. रेग्युलेटर बंद करून काढून ठेवायचा आणि सिलिंडर साखळीनं किंवा दोरीनं बांधायचा, नाहीतर तो घरभर फिरतो.

शेतीची औषधं, फवारणीचे डबे, खतं, रॉकेल, जुनं इंजिन ऑईल हे सगळं फळीवर चढवा. पूर घरातनं जातो तेव्हा जे जे खाली असतं ते पाण्यात मिसळतं आणि मग तेच पाणी विहिरीत.

वाळूच्या गोण्यांबद्दल थोडं, कारण सगळे चुकीच्या लावतात. गोणी गच्च भरायची नाही, अर्ध्याच्या थोडी वर भरायची, म्हणजे ती दबून शेजारच्या गोणीला चिकटते. विटांसारखे सांधे चुकवून रचायच्या, प्रत्येक थर पायानं दाबायचा, आणि खाली प्लास्टिकचा कागद अंथरून तो पाण्याच्या बाजूनं वर घ्यायचा. पण गोण्या पाणी पूर्ण थांबवत नाहीत, वेळ देतात. आणि एका उंचीनंतर पाणी बाहेर अडवून धरणंच धोक्याचं होतं, साधारण ६० सेंटिमीटरच्या वर गेलं की पाण्याच्या दाबानं साधी भिंत ढासळू शकते. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो असतं हो. तेव्हा पाणी आत येऊ द्यायचं आणि आपण वर किंवा बाहेर जायचं.

बाथरूमच्या जाळीवर आणि कमोडमध्ये एकेक गोणी, प्लास्टिक पिशवीत गुंडाळून. घाण पाणी आधी तिथूनच येतं.

जनावरं. बांधून ठेवायची नाहीत, एवढंच सांगतो. निघताना आधी उंचावर हलवा, ते नाहीच जमलं तर दावं सोडून द्या, मोकळं जनावर पोहून कडेला लागू शकतं, दाव्याला बांधलेलं मात्र जागच्या जागी मरतं.

पायरी ४ : पाणी वाढायला लागलं

निघायची वेळ आधी ठरवून ठेवा आणि ती खुणेवर ठेवा, मनावर नाही. म्हणजे "त्या रस्त्याखालच्या मोरीच्या वरच्या दगडाला पाणी लागलं की आपण निघायचं." मनावर ठेवली की माणूस "अजून अर्धा तास बघू" करत राहतो, आणि तेवढ्यात रस्ता जातो.

रात्रीची सूचना हा वेगळाच प्रॉब्लेम आहे. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी नेदरलँड्समध्ये घुसलं, शनिवारची रात्र होती, तेव्हा तिथलं रेडिओ प्रसारण रात्री बंद असायचं, लोक झोपेतच सापडले आणि एकट्या नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. आता मोबाईल आहेत पण आपण ते रात्री सायलेंट करून झोपतो, मग फरक काय राहिला? पावसाळी इशारा असेल त्या रात्री आवाज चालू ठेवा आणि फोनच्या सेटिंगमधले इमर्जन्सी अलर्ट बंद केलेले नाहीत ना ते बघा. गल्लीत एकेका रात्री एकानं जागायचं असं ठरवलं तर अजून चांगलं, म्हातारी माणसं एकटी असतील त्यांचं दार कुणी वाजवायचं हेही त्यातच ठरवा.

आता हे आकडे पाठच करा. जोरात वाहणारं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं, म्हणजे घोट्याच्या थोडं वर. ३० सेंटिमीटरला छोटी गाडी वाहून जाऊ शकते. ६० सेंटिमीटरला मोठ्या जीपगाड्यासुद्धा. मोरीवरून पाणी जातंय आणि पलीकडून एक ट्रॅक्टर आत्ताच आला म्हणून आपण मोटरसायकल घालायची, हे करू नका. पाण्याखाली रस्ता अजून आहे की नाही तेच दिसत नसतं.

बाहेर जाताच येत नसेल तर वर जा, पण जिथून गच्चीवर किंवा छपरावर निघता येईल अशाच ठिकाणी, बंद माळ्यावर अडकू नका. फोन लागत नसेल तर एसएमएस करा, कॉल जात नाही तेव्हाही तो बऱ्याचदा जातो. मेसेजमध्ये फक्त किती जण, कुठं, कुणाला काय लागलंय. बाकी व्हिडिओ काढून पाठवणं नंतर, बॅटरी जपा. तुटलेली वायर दिसली तर निदान १० मीटर लांब राहा, आणि ती पाण्यात पडली असेल तर त्या पाण्यात पाय घालूच नका.

पायरी ५ : पाणी ओसरलं

पहिला हात झाडूला नाही, कॅमेऱ्याला. प्रत्येक खोलीचा फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो, बिघडलेल्या वस्तूंचा आणि त्यांच्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो. साफ केल्यावर नुकसान सिद्ध करणं अवघड जातं.

मग बूट, हातमोजे आणि हातात काठी. साप, विंचू कोरडी जागा शोधत घरातच आलेले असतात, कपाटामागं, भांड्यांत, गादीखाली. गाळात जखम झाली तर साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि ताप लगेच येत नाही, पाच दिवसांनी, दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा येतो. तेव्हा महिनाभरात ताप आला तर "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगायचं, डॉक्टर विचारतीलच असं नाही.

पाणी उकळून प्या, खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. उकळायची सोय नसेल तर वास नसलेलं साधं घरगुती ब्लीच (५ ते ९ टक्क्यांचं) एका लिटरला २ थेंब, पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यानं गाळून ४ थेंब, आणि अर्धा तास थांबून मगच प्यायचं. औषधं-खतं मिसळलेलं पाणी मात्र उकळून किंवा ब्लीच घालून शुद्ध होत नाही, ते प्यायचंच नाही. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ वाढवायचं नाही. विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत प्यायला वापरू नका. सेप्टिक टँक लगेच उपसायला जाऊ नका, भोवतालची जमीन पाण्यानं भरलेली असते तेव्हा रिकामी टाकी वर उचलली जाते किंवा फुटते, कुणीतरी दर वेळी ही चूक करतंच.

फ्रीज बंद पडून ४ तासांपेक्षा जास्त झाले असतील तर आतलं नासणारं खाणं टाकून द्या. जनरेटर घरात नाही, ओट्यावर नाही, खिडकीपासून लांब मोकळ्यात, निदान सहा मीटर. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. बुरशी दीड-दोन दिवसांत धरते म्हणून दारंखिडक्या उघडून ओलं सामान आधी बाहेर.

एवढं सगळं करून संध्याकाळी माणूस खुर्चीवर टेकतो, फोन चार्जिंगला लावतो, नेटवर्क येतं, आणि टुंग टुंग टुंग मेल येतात. आता लेखाचा दुसरा भाग.

पायरी ६ : मेल खोटं नाव कसं सांगतो ते समजून घ्या

नेटवर्कवरचा पहिला ईमेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पाठवला, आणि मेल पाठवायचे आजचे मूळ नियम १९८२ चे आहेत. तेव्हा नेटवर्कवर सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोयच त्यात ठेवली नव्हती. पाकिटाच्या मागं कुणी कुणाचंही नाव लिहावं आणि पोस्टमनने ते तसंच आणून द्यावं, तसं. नंतर ठिगळं लावली आहेत, त्यामुळे बरंच खोटं स्पॅममध्ये जातं, पण सगळं नाही. शिवाय समोर जे नाव दिसतं ते तर पाठवणाऱ्यानं स्वतःच टाईप केलेलं असतं, "बँक मदत केंद्र" असं नाव ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा नावावर बोट ठेवा, खरा पत्ता उघडेल. तो उजवीकडून वाचायचा. लिंकचंही तेच, मोबाईलवर लिंक दाबून धरली की (नुसतं दाबायचं नाही, दाबून धरायचं) पूर्ण पत्ता दिसतो, कॉम्प्युटरवर माऊस नुसता वर नेला तरी दिसतो. त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा, "एचटीटीपीएस" नंतरच्या दोन रेघा सोडून, आणि तिच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन तुकडे बघा. मालक तोच. म्हणजे "तुमचीबँक डॉट पूरमदत डॉट कॉम" असेल तर ही साईट तुमच्या बँकेची नाही, पूरमदत नावाच्या कुणाची तरी आहे, पुढं बँकेचं नाव कितीही वेळा लिहू दे. काही देशांत शेवटी "डॉट को डॉट इन" सारखे दोन तुकडे असतात, तिथं तीन बघायचे. इंग्रजी छोटं "आर" आणि "एन" जवळजवळ लिहिले की "एम" दिसतं, शून्य आणि "ओ" सारखेच दिसतात, छोटं "एल" आणि मोठं "आय" पण. चष्मा लावून वाचा, यात लाज कसली.

आणि कुलपाचं चित्र दिसलं म्हणजे साईट खरी असं समजू नका. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी वाचू शकत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतंच की.

पूर्वी सांगायचे की भाषेच्या चुका असतील तर मेल खोटा. ते विसरा आता, एआय वापरून चोर आपल्यापेक्षा शुद्ध लिहितो.

पायरी ७ : पुरानंतर कुठले मेल येतात

मदतीच्या यादीत नाव आलंय, फॉर्म भरा. हा सगळ्यात जास्त. मी स्वतः अर्धा फॉर्म भरला होता, नाव, गाव, खातेनंबर, आणि मग कार्डाच्या मागचे तीन आकडे मागितले तेव्हा थांबलो. का थांबलो, तर पैसे देणाऱ्याला माझं कार्ड कशाला लागेल? हा नियम कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा: पैसे घ्यायला खातेनंबर आणि बँकेचा कोड पुरतो. पिन, ओटीपी, कार्डाच्या मागचे आकडे, क्यूआर स्कॅन करून पिन टाकणं, हे सगळं पैसे द्यायला लागतं. "तुम्हाला पैसे पाठवायचेत, ओटीपी सांगा" या एका वाक्यातच फसवणूक आहे, पुढचं ऐकायची गरज नाही.

मदत मंजूर झाली, प्रोसेसिंग फी भरा. हा प्रकार ईमेलच्याही आधीचा आहे, एकोणिसाव्या शतकात "स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत माणूस अडकलाय, सोडवायला थोडे पैसे पाठवा, मोठा वाटा मिळेल" अशी पत्रं टपालानं यायची. पत्र गेलं, मेल आला, चाल तीच, मोठ्या रकमेसाठी आधी छोटी रक्कम.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येणारे, हे ॲप टाका. ॲप म्हणजे तुमची स्क्रीन लांबून बघणारं ॲप असतं. एकदा टाकलं की तुम्ही ओटीपी सांगायचीही गरज नाही, तो स्वतःच वाचतो.

पूरग्रस्तांसाठी दान करा. यात फसणारे भले लोक असतात म्हणून जास्त वाईट वाटतं. द्यायचं तर जरूर द्या, पण मेलमधल्या लिंकवरून नाही, ज्या संस्थेला ओळखता तिच्या साईटवर स्वतः टाईप करून जा.

आणि सगळ्यात चोख म्हणजे ओळखीच्या माणसाच्या खऱ्या मेलवरून आलेला मेल. शेजारच्या काकांचं अकाउंट कुणीतरी फोडलेलं असतं आणि त्यांच्या नावानं सगळ्यांना जातं, "मी अडकलोय, फोन बंद आहे, थोडे पैसे पाठव, नंतर देतो." पत्ता तपासला तरी खराच निघतो. यावर उपाय मेलमध्ये नाहीच. काकांना फोन करा, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. फोन बंद असेल तर घरी जा, पोराला पाठवा. गावात राहण्याचा हाच तर फायदा आहे, दार वाजवता येतं.

अटॅचमेंटबद्दल थोडक्यात: न मागता आलेली उघडायची नाही. २००० साली "आय लव्ह यू" नावाचा एक व्हायरस अटॅचमेंटमधून जगभर पसरला होता, प्रेमपत्र आहे म्हणून लोकांनी उघडलं. आता प्रेमपत्राऐवजी "नुकसानीची यादी" असतं. नावाच्या शेवटी "पीडीएफ" च्या पुढं अजून "ईएक्सई" किंवा "एपीके" असं काही असेल तर ती यादी नाहीच, प्रोग्रॅम आहे.

"तुमचा पासवर्ड मला माहितीये, पैसे द्या नाहीतर बदनामी करीन" असा मेल आला आणि त्यात खरंच तुमचा जुना पासवर्ड असला तरी घाबरू नका, कुठल्यातरी साईटवरून तो पूर्वी फुटलेला असतो आणि हजारो लोकांना तोच मजकूर जातो. उत्तर द्यायचं नाही. तो पासवर्ड अजून कुठं वापरत असाल तर बदला.

पायरी ८ : कुलपं

सगळ्यात भक्कम पासवर्ड मेलला, बँकेलाही नंतर, कारण मेल ज्याच्या हातात त्याला बाकी सगळे पासवर्ड "विसरलो" म्हणून नवे करता येतात. लांब पासवर्ड अवघड पासवर्डपेक्षा बरा, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठंही नको. वहीत लिहून घरात ठेवला तर चालतो, परदेशातला चोर तुमच्या कपाटात येणार नाही. फक्त ती वही पुराच्या पिशवीत पाहिजे, बॅकअप कोडांच्या कागदापासून वेगळी, घडी करून दुसऱ्या कप्प्यात. टू-स्टेप चालू करा, अपडेट लांबवू नका, आणि गावातल्या सगळ्यांना एकच मेल पाठवायचा असेल तर पत्ते "बीसीसी" मध्ये टाका, तिथले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत, म्हणजे एकाचा मेल फुटला तर सगळ्या गावाची यादी चोराकडे जात नाही.

पायरी ९ : दाबलं गेलंच तर

होतं असं. हुशार माणसांचंही होतं, आणि लाजेनं गप्प बसण्यात जो वेळ जातो तोच चोराला पाहिजे असतो. क्रम असा: आधी बँकेला फोन करून कार्ड आणि खातं थांबवा (नंबर त्या कागदावर आहे), मग ज्या फोनवर लिंक दाबली त्याचं इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून मेलचा पासवर्ड बदला आणि सेटिंगमधून सगळ्या डिव्हाइसवरून साइन आऊट करा. इथं बरेच जण थांबतात. थांबू नका, मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, चोर जाताना "यांचे सगळे मेल मलापण पाठव" असा नियम लावून जातो आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. रिकव्हरीचा नंबर आणि मेल तुमचेच आहेत ना तेही बघा.

लांबून बघणारं ॲप टाकलेलं असेल तर ते काढा, आणि खात्री नसेल तर फोन रिसेट. मेल डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, वेळ लिहून ठेवा, आणि पोलिसांकडे किंवा तुमच्या भागातल्या सायबर तक्रारीच्या अधिकृत ठिकाणी त्याच दिवशी तक्रार द्या. मग ओळखीच्या सगळ्यांना कळवा की माझ्या नावानं काही आलं तर उघडू नका.

आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एक फोन किंवा मेल येईल, फार सभ्य भाषेत, की तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल. फसलेल्यांच्या याद्या चोरांमध्ये विकल्या जातात, तुमचं नाव तिथूनच मिळालेलं असतं. त्यालाही तोच प्रश्न विचारायचा, पैसे मला द्यायचेत ना, मग माझ्याकडून कसले मागतो?